साळूच्या गुलाबाची कहाणी

ऐक गे फुलमाये, तुझी कहाणी. आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. नगरात एक गल्ली होती, गल्लीच्या टोकाला गोजराबाईचं घर होतं. घरात माणूस एकच, ती स्वतः. नवरा मागेच वारला. साळू नावाची एकुलती एक लेक होती, ती सासरी पहिल्या बाळंतपणात गेली, बाळही गेलं. मागे काय राहिलं? साळूनं लग्नाआधी आपल्या हातानं अंगणात लावलेला गावठी गुलाब.

मग गोजराबाई काय करी? सकाळी उठे, साळूची आठवण येई, गुलाबाला तांब्याभर पाणी घाली. दुपारी जेवायला बसे, घास उतरत नसे, उठून तांब्याभर पाणी घाली. दिवेलागण होई, घर खायला उठे, पुन्हा तांब्याभर पाणी घाली. झाडाची तहान कोण बघतो? तहान हिची होती, बायांनो, पाणी झाडाला जात होतं.

शेजारणी येत. एक आली, तिनं देवीला फूल मागितलं. गोजराबाई म्हणाली, साळूचं झाड आहे, मिळायचं नाही. दुसरी आली, तिनं लेकीच्या वेणीत माळायला मागितलं. तिलाही तेच. मग समोरच्या घरची नवी सून ठकू आली. तिला फूल नको होतं, लावायला एक काडी हवी होती. गोजराबाई तिला असं काही बोलली की पोरगी डोळे पुसत घरी गेली.

मग कोण येतं? गल्ली तिच्या दारी येईनाशी झाली. साळूचं नाव तर आधीच कुणी काढत नसे, उगीच खपली निघेल म्हणून. दिवसचे दिवस गोजराबाईच्या तोंडून शब्द निघत नसे. निदान आपला आवाज तरी ऐकावा म्हणून ती भिंतीवरच्या मांजराला हाका मारी. मांजर शेजारचं, तेही येत नसे.

एका वर्षी गुलाबाची पानं पिवळी पडली, कळ्या उमलायच्या आधीच गळू लागल्या. गोजराबाईनं ते पाहिलं. मग शहाणीनं काय करावं? आणखी पाणी घातलं.

दसरा झाला. दारात एक म्हातारी आली. कपाळभर कुंकू, कमरेला कोयती. ती होती फुलमाय, पण गोजराबाईला काय ठाऊक? म्हातारीनं अंगणात फतकल मारली, झाडाच्या बुडाची माती उकरली, मूठभर चिखल हुंगला आणि म्हणाली, "बाई, मूळ कुजलंय. मायेनं बुडवलंस याला."

गोजराबाईनं तिचे पाय धरले. "माझ्या साळूचं एवढंच उरलंय. काही उपाय सांगा."

"सांगेन, पण तुझा हात आखडेल. घेतला वसा टाकशील."

"हात आखडणार नाही. वसा टाकणार नाही."

मग म्हातारीनं वसा सांगितला. हिरव्या काड्या तेवढ्या छाटाव्या. छाटल्या टोकाला शेण लावावं. टोपलीत घालून दारोदार जावं, एकेक काडी आपल्या हातानं लावून द्यावी. पाणी त्या घरचं मागावं, तेही बेतानं घालावं. आपल्या अंगणात मात्र एकही काडी लावू नये. गोजराबाईनं कळवळून विचारलं, एक तरी? म्हातारी म्हणाली, एकही नाही, तुझ्या हाताला अजून थांबणं माहीत नाही. इतकं बोलून ती दिसेनाशी झाली.

मग गोजराबाईनं विळा घेतला. पहिली फांदी तुटली तशी ती हंबरडा फोडून रडली. साळू गेली तेव्हाही इतकी रडली नव्हती. मग डोळे पुसले, टोपली भरली, निघाली. पहिल्या दारी ऐकावं लागलं, आज बरी आमची आठवण झाली! काडी काही घेतली नाही. दुसऱ्या दारी घेतली, पण बस म्हटलं नाही. मग समोरचं दार. तिथं तिचा पायच उचलेना.

"ठकू, मी तुला फार बोलले गं. काडी आणलीय."

ठकू आत गेली, खुरपं घेऊन आली. दोघींनी मिळून काडी तिरपी लावली, तिच्या पेरांवरचे दोन डोळे मातीत गाडले. असं करत करत टोपली रिकामी झाली.

घरचं खोड थंडीत वाळून गेलं. अंगण ओकंबोकं झालं. साळूची आठवण येई, तांब्या हातात येई, पण पाणी घालायचं कुठं? मग ती ते स्वतःच पिई. दिलेल्या काड्या बघायला ती कुणाकडे गेली नाही. त्याही मेल्या असल्या तर? या भीतीनं घराबाहेरच पडेनाशी झाली. आपण साळूला दुसऱ्यांदा घालवलं, असं तिला वाटे.

होळी झाली. एका दुपारी कडी वाजली. दारात ठकू उभी, हातात फूल.

"काकू, साळूचा गुलाब फुलला. पहिलं फूल तुमचं."

गोजराबाईनं ओंजळ पुढे केली. ठकू गेली नाही, पायरीवर बसली. हळूच म्हणाली, "काकू, मी साळूला बघितलंच नाही. कशी होती हो ती?"

कितीक वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. गोजराबाई शेजारी बसली. बोलू लागली, रडली, मध्येच हसली, पुन्हा बोलू लागली. समोरून सासूनं हाक मारली, तरी ठकू उठली नाही.

फुलमाये, गोजराबाईच्या पायरीवर जसं कुणी येऊन बसलं, तसं एकट्यादुकट्या प्रत्येकीच्या पायरीवर बसो. ऐकणारीच्या, सांगणारीच्याही. साठां उत्तरांचं हे सांगणं पांचा उत्तरांत आटोपलं, सुफळ झालं, संपूर्ण झालं.