भिंतीला लागून खड्डा

“चारही खड्डे आजच का नाही घ्यायचे?” ह्यांनी विचारलं.

दस्तगीरमामा तंबाखू मळत होते. “एक घेतलाय. तो काँक्रीटनं भरू, सुकू दे. मग पार पलीकडच्या टोकाचा.”

“असं करत बसलो तर दिवाळी येईल, मामा.”

“येऊ दे की. दरसाल येतीच.”

मामा मिरजेकडचे जुने गवंडी. आमचे हे नवे इंजिनिअर. पदवी झाल्यावर वर्षभर मामांच्या हाताखाली शिकायचं, ही सासऱ्यांची अट. पहिलं काम घरचंच निघालं. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून चार खांब, वर आम्हा दोघांची खोली. लग्नाला तीन महिने झाले होते आणि खोली अजून नकाशातच होती. त्यामुळे घाई कसली, ते मला कळत होतं. मी आपली गप्प.

भिंत दगडमातीची. तिचा पाया जेमतेम तीन फूट. नव्या खांबांना पाच फूट खाली जायचं होतं.

शुक्रवार होता. मामा नमाजाला गेले... आणि ह्यांनी दोघा गड्यांना हाताशी घेऊन कुदळ उचलली.

मामा परतले, तेव्हा हे दुसऱ्या खड्ड्यात छातीपर्यंत उतरले होते. पहिल्याच्या अगदी शेजारी.

मामांनी खड्ड्यात एकदाच पाहिलं.

“सूनबाई, वहिनींना अंगणात आण.”

सासूबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. “तव्यावर भाकरी आहे माझी! कुठं आग लागली?”

मामांनी आधी ह्यांना हात देऊन वर घेतलं. “दमलात सायेब. बसा जरा.”

हे नकाशा मांडीवर घेऊन वाळूच्या ढिगावर बसले. ऐटीतच.

मामा ढिगाच्या पायथ्याशी उकिडवे बसले. ओंजळीनं वाळू ओढू लागले. एक ओंजळ... दोन... पाच...

हे नकाशासकट घसरत खाली आले.

“मी ढकललं तुम्हाला?”

“नाही.”

“हात तरी लावला?”

“...नाही.”

ह्यांनी मान वळवून खड्ड्याकडे पाहिलं. भिंतीच्या शेवटच्या दगडाखालून माती गळत होती. बारीक, न थांबता.

मग सगळे कामाला लागलो. दोघं गडी, मामा, हे, आणि पदर खोचून मी. मातीचा थर टाकायचा, पाणी मारायचं, धुमसानं ठोकायचा. पुन्हा थर. दुसरा खड्डा काठोकाठ भरला, तेव्हा मामांनी भिंतीवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला.

“ऱ्हायली,” म्हणाले.

सासूबाई आत गेल्या. करपलेल्या भाकरीबद्दल बोलल्या, ते आम्हा सगळ्यांना गोड लागलं. माझे डोळे भरून आले होते. कुणी विचारलं असतं, तर धूळ गेली म्हणणार होते. कुणी विचारलं नाही.

ह्यांनी मामांच्या पायाला हात लावला. तीन महिन्यांत मी ह्यांना इतकं वाकलेलं पाहिलं नव्हतं, लग्नातही नाही.

“मामा, यापुढं तुम्ही म्हणाल तसंच. एकेक खड्डा. पण काम नीट झालं, हे ओळखायचं कसं?”

मामांनी टोपी झटकली.

“आत जाऊन वहिनींना विचारायचं, भिंतीपलीकडचं काम जाणवलं का. ‘कसलं काम?’ म्हणाल्या, की झालं.”