राहीचा अंगठा

येसगीर महाराज त्या वर्षी सांगवखेड्यास मुक्कामाला होते. गावाबाहेरच्या महादेवाच्या ओवरीत त्यांचे आसन असे. अंगावर एक घोंगडी आणि जवळ पाण्याचा तुंबा, एवढाच त्यांचा संसार. दुखलेखुपलेले लोक येत, आणि महाराज बहुतेकांना हातापायाच्या ठरावीक जागा दाबूनच मोकळे करीत.

गावची सुईण राही त्यांची मोठी भक्त. तिने एकदा विचारले, "महाराज, बाळंतपणं म्या निभावते. पण कोवळ्या पोरी दर महिन्याला पोट धरून लोळत्यात. त्यांचं काय करावं?"

महाराजांनी तिला घोट्याच्या वर, आतल्या अंगाची एक जागा दाखवली. म्हणाले, "इथे अंगठा ठेव. श्वासाबरोबर दाब, श्वासाबरोबर सोड. घाई नको. आणि पोटुशी बाईला ही जागा चुकूनही दाबू नकोस."

त्या दिवसापासून राही अशा मुलींच्या पायाशी जाऊन बसू लागली. कुणाला आराम पडे, कुणाला थोडा कमी पडे. पण विटाळामुळे बाजूला बसलेल्या मुलींजवळ कुणीतरी आले, याचाच त्यांना आधार वाटे. गाव मात्र कुजबुजू लागले.

सर्वांत मोठा आवाज वैद्य त्र्यंबकशास्त्र्यांचा. बारा गावांचे लोक त्यांना नाडी दाखवायला येत. एके दिवशी भरल्या ओवरीत ते म्हणाले, "पाय दाबून पोटातली कळ थांबते म्हणे! उद्या ही गाईची शेपटी पिळून दूध काढील. आणि विटाळातल्या पोरींना शिवून इथे देवापाशी येते, ते वेगळंच."

लोक हसले. राहीची मान खाली गेली. महाराज एवढेच म्हणाले, "शास्त्रीबुवा, दुखण्याला विटाळ नसतो."

चैत्र सरत आला होता. शास्त्र्यांची एकुलती लेक वेणू, सोळा वर्षांची, मागच्या पडवीत बाजूला बसली होती. कळा तिला दर महिन्याला येत, पण या खेपेला सकाळपासून थांबेनात. शास्त्र्यांनी काढा करून, न शिवता वरूनच तिच्या वाटीत ओतला. तिने तो ओकून टाकला. दुसराही टिकला नाही. दुपारपर्यंत तिचे ओठ पांढरे पडले. अंगाखालचे गोणपाट तिने मुठीत आवळून धरले होते. बाप चार पावलांवर उभा होता. बारा गावांची नाडी पाहणाऱ्याला पोटच्या पोरीचे मनगट धरता येत नव्हते. सोवळे आड येत होते.

आई उमाबाई भर उन्हात अनवाणी ओवरीकडे धावली. "राही, चल. माझी पोर हातची जाते."

राहीने महाराजांकडे पाहिले. "त्यांच्या दारात मला कोण उभं करील?"

"तू जा," महाराज म्हणाले. "दाराचं मी बघतो."

शास्त्री पडवीच्या दारात आडवे उभे होते. "आत पाऊल टाकू नकोस."

राहीने हात जोडले. "शास्त्रीबाबा, तुमाला म्या शिवत न्हाई. पोरीला तेवढं शिवू द्या."

आतून वेणूचे कण्हणे ऐकू येत होते. ते एकाएकी थांबले. शास्त्र्यांचा चौकटीवरचा हात गळून पडला.

राहीने वेणूच्या डाव्या पायावर अंगठा टेकवला. दाबला, सोडला. पुन्हा दाबला. काही फरक पडेना. पाय गार पडत चालले, डोळे पांढरे झाले. राहीच्या अंगठ्याला वांब येऊन तो आखडला.

"मारलीस माझी पोर," शास्त्री चिरक्या आवाजात म्हणाले.

राहीने अंगठा झटकला. तिने डोळे मिटले. "महाराज, माझ्यात जोर न्हाई उरला. आता तुमीच बघा." आणि तोच दुखरा अंगठा तिने पुन्हा टेकवला.

वेणूने एक लांब श्वास घेतला. मग दुसरा. मूठ सैल झाली. डोळे मिटूनच ती पुटपुटली, "आई, महाराजांना म्हणावं, हात काढू नका. ऊब लागतेय."

तिथे महाराज नव्हते. राहीचा हात डाव्या पायावर होता. पण वेणूच्या उजव्या घोट्याच्या वर, कुणाचाही हात नसताना, अंगठ्याएवढा खळगा पडत होता आणि भरून येत होता. शास्त्र्यांनी तो आपल्या डोळ्यांनी पाहिला.

घटकाभराने वेणूने पाणी मागितले आणि ती शांत झोपली.

शास्त्री उघड्या डोक्याने ओवरीवर गेले. तिथले भक्त म्हणाले, महाराज मघापासून कुणाशी बोललेले नाहीत. उजव्या हाताचा अंगठा जमिनीवर टेकून बसले होते आणि घामाने निथळत होते. शास्त्र्यांनी पायांवर डोके ठेवले, तेव्हा महाराजांनी पाय घोंगडीखाली ओढून घेतले.

"माझ्यापुढे कशाला वाकता?" ते म्हणाले. "लेकीपासून चार पावलं लांब उभे होतात ना? तेवढी चालून जा."

शास्त्री परतले ते थेट पडवीत शिरले. राहीला त्यांनी हात जोडले आणि तिच्याशेजारी गोणपाटावर बसले. हळूच विचारले, "घोट्यापासून किती वर?"

"चार बोटं."

"माझी?"

"न्हाई बाबा. तिचीच."

त्र्यंबकशास्त्र्यांनी झोपलेल्या लेकीचा हात हातात घेतला, तिची चार बोटे अदमासली आणि ती जागा शोधायला तिच्या पावलांवर वाकले.