गाळाची पहिली पाटी

एका राज्यात तळ्याचं पाणी काचेचं झालं, आणि चूक राजा वज्रबाहूची होती. मांत्रिकांची नव्हे, ग्रहांची नव्हे. राजाचीच.

रीत अशी होती की उन्हाळ्यात तळं आटलं की राजानं स्वतः उतरायचं, गाळ खणायचा आणि पहिली पाटी डोक्यावरून काठावर आणायची. मग प्रजेनं हात लावायचा. वज्रबाहू दरसाल टाळत असे. एका साली कंबर धरली, एका साली पाहुणे आले. भोवतालचे म्हातारे तर सबबींची कोठारंच. राजवैद्य म्हणे, "हवा दमट आहे, महाराज." राजज्योतिषी म्हणे, "नक्षत्र बरं नाही." त्या नक्षत्रावर त्यांची जेवणं मात्र कधी अडली नाहीत.

तळं उथळ होत गेलं, विहिरी आटल्या. शेवटी राजकन्या इरावती कुणाला न विचारता पाटी घेऊन उतरली. तळ्याची राखण करणारी आसरा चिखलातून वर आली.

"तुझ्यावर राग नाही, पोरी. पण हात राजाचा हवा होता."

एवढं बोलली, आणि उरलंसुरलं पाणी काच झालं. इरावती त्यात कमरेपर्यंत अडकली.

राजा धावत आला. आसरा म्हणाली, "तीन कामं. जळत्या डोंगरावरचं गाळ खणायचं खोरं आण. नागाच्या वेटोळ्यातली पाटी आण. मग उतर आणि खण. दर सबबीला काच वर चढेल." तिनं एक साळुंकी त्याच्या खांद्यावर बसवली आणि स्वतः काचेखाली दिसेनाशी झाली.

डोंगराशी राजा थबकला. "पाय भाजले तर राज्य कोण चालवील?"

"आजवर कोण चालवत होतं?" साळुंकी म्हणाली. "काच छातीला लागली."

राजा मुकाट्यानं निखाऱ्यांवरून गेला. खोरं आणलं. तळव्यांची साल गेली.

नागाच्या गुहेत तो म्हणाला, "नागाला डिवचू नये असं शास्त्रात आहे."

"कुठल्या शास्त्रात?"

राजाला आठवेना.

"काच गळ्याला लागली," साळुंकी म्हणाली.

राजानं वेटोळ्यात हात घातला. नागानं एक डोळा उघडला. "घे की. इतकी वर्षं इथेच आहे. मागायला कोण आलं?"

राजा पाटी घेऊन तळ्याशी परतला. काठावर म्हातारे छत्र्या धरून उभे होते. राजज्योतिषी म्हणाला, "दोन घटका थांबावं, महाराज. मुहूर्त..."

"हो, मुहूर्त बघून..." राजा म्हणाला, आणि काच हनुवटीला टेकली.

"आणखी एक बोललात तर नाक बुडेल माझं," इरावती म्हणाली. "बघा बुवा, विचार करून बोला."

राजानं खोरं जमिनीवर टेकवलं.

"मला खणता येत नाही," तो म्हणाला. "माझ्या वडिलांनाही येत नव्हतं. ते खोऱ्याला नुसता हात लावत, पाटी आधीच भरून ठेवलेली असे. मी पाहिलं होतं. लोक हसतील म्हणून मी कंबर धरायचो. ती कधीच दुखली नाही."

"थोरल्या महाराजांबद्दल असं चारचौघांत..." राजवैद्य पुटपुटला.

"गप्प बसा," राजा म्हणाला.

तो उतरला. पहिला घाव निसटून त्याच्याच नडगीवर बसला. लोक हसले. अगदी पोट धरून हसले. त्यानं दुसरा घातला, तिसरा घातला. काच तडकली, खालचा गाळ लागला. अर्धीच पाटी भरली, तीही वाकडी. चिखल नाकावरून ओघळत होता. लटपटत त्यानं ती काठावर आणून ओतली.

काचेचं पाणी झालं. प्रजा पाट्या घेऊन उतरली. आसरेनं वर येऊन म्हाताऱ्यांच्या हातातल्या छत्र्या काढून घेतल्या आणि खोरी दिली.

इरावती काठावर आली. ती ओंजळीनं पाणी प्यायली, मग तिनं बापाकडे पाहिलं.

"जमलं की," ती म्हणाली. "एवढंच होतं?"

"एवढंच," राजा म्हणाला.

"आणि एवढ्यासाठी मी हनुवटीपर्यंत काचेत होते," ती म्हणाली. तिनं ओलं लुगडं पिळलं आणि वेशीबाहेरचा रस्ता धरला.

तळं पुन्हा कधी उथळ झालं नाही. राजा मरेपर्यंत दरसाल पहिली पाटी स्वतः काढत असे. इरावती परत आली नाही.