पारख्याच्या यादीतलं बेचाळिसावं साल

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनीही, म्हणून सांगतो.

घाटाच्या अलीकडे एक राज्य होतं. तिथल्या दरबारात घड्याळांचा एक पारखी होता. घड्याळाचं मागचं झाकण उघडायचं, आत कोरलेला क्रमांक भिंगातून वाचायचा, जवळच्या यादीवर बोट फिरवायचं आणि घड्याळ कोणत्या साली घडलं ते सांगायचं, हे त्याचं काम. घड्याळं घाटापलीकडच्या कारखान्यात बनत. तिथल्या वह्यांवरून त्याने तरुणपणी ही यादी उतरवून आणली होती. वीस वर्षांत त्याचा शब्द कुणी खोडला नव्हता.

एकदा नदीवरच्या उताराचा, म्हणजे नावेने माणसं पलीकडे नेण्याच्या हक्काचा, तंटा दरबारात आला. तिथे नाव चालवणारी बाई म्हणाली, "माझ्या आज्यानं थोरल्या महाराजांना पुरातून पलीकडे नेलं. महाराजांनी खिशातलं हे घड्याळ त्याच्या हातावर ठेवलं आणि उतार आमच्या घराण्याला दिला." पलीकडच्या गावचा पाटील म्हणाला, "घड्याळ बाजारातलं आहे. गोष्ट मागाहून रचलेली."

थोरले महाराज वारले राज्याच्या चाळिसाव्या साली. म्हणजे सगळं एका प्रश्नावर येऊन ठेपलं. घड्याळ कधीचं?

पारख्याने क्रमांक वाचला, यादी पाहिली आणि म्हणाला, "बेचाळिसाव्या सालचं."

राजाने निकाल दिला. आठव्या दिवशी उतार पाटलाच्या ताब्यात जायचा होता.

बाई भांडली नाही. जाताना पारख्यापाशी थांबून एवढंच म्हणाली, "काका, तुम्ही जाणते. पण माझा आजा खोटं बोलणारा नव्हता. एकदा परत बघाल का?"

घरी येऊन पारख्याने यादी उजेडात धरली. बेचाळिसाव्या सालापुढची शाई वेगळी होती, जरा फिकी. कारखान्यात असताना त्याला काही वह्या बघायलाच मिळाल्या नव्हत्या. मधली सालं त्याने घरी बसून अंदाजाने भरली होती. हे तो विसरला होता. खरं सांगायचं तर, विसरायचं त्याने ठरवलं होतं.

त्याला जेवण जाईना. बायकोने विचारलं, "कुठं दुखतंय का?" तो नाही म्हणाला. अंदाज बरोबरही असेल, असं तो स्वतःला बजावत राहिला आणि पुन्हापुन्हा त्या फिक्या शाईकडे बघत राहिला. दोन दिवस असेच गेले. राहिले सहा. कारखान्यापर्यंत जायला तीन लागत आणि यायला तीन. आणखी एक दिवस गेला असता तर जाण्यात अर्थच उरला नसता. तो निघाला.

कारखान्याचं दफ्तर एक म्हातारी सांभाळत होती. ती एकेक वही उघडे, बोट ठेवून वाचे, मिटून ठेवे. खिडकीतलं ऊन सरकत होतं. पारख्याला बसवेना.

"आजी, जरा लवकर होईल का?"

"घाईनं बघायचं असतं तर तू घरीच बघितलं असतंस, बाबा."

शेवटी तिचं बोट थांबलं. "हे बघ. चपट्या घड्याळांसाठी पुढचे पाच हजार क्रमांक आधीच राखून ठेवले होते. हा आकडा त्यातलाच, म्हणून मोठा दिसतो, पण घड्याळ अडतिसाव्या सालचं. आणि इथं रवानगी लिहिलीय, राजवाड्यात, खुद्द महाराजांसाठी."

नोंदीची शिक्क्यासह नक्कल घेऊन तो परत फिरला. सबंध घाटभर एकच विचार त्याला छळत होता. नक्कल नुसती पुढे ठेवली, नवा पुरावा सापडला म्हटलं, तर फिकी शाई कुणालाच कळणार नव्हती.

आठव्या दिवशी तो नदीकाठी पोचला, तेव्हा राजाचा कारभारी उभा होता आणि बाई नावेचा दोर सोडून पाटलाच्या हाती देत होती. पारख्याने दोरावर हात ठेवला. "थांबा. चूक माझी आहे."

दरबारात त्याने नक्कल ठेवली. मग यादीही ठेवली आणि फिक्या शाईतली सालं स्वतः बोटाने दाखवली.

राजाने उतार बाईला परत दिला. मग शांतपणे विचारलं, "या फिक्या शाईवर वीस वर्षांत किती निकाल झाले?"

"ठाऊक नाही, महाराज."

"त्यातले चुकलेले किती?"

राजाने पारख्याचं आसन काढून घेतलं आणि जुने सगळे निकाल मूळ वह्यांशी ताडून आणायला सांगितलं. पुढची कित्येक वर्षं तो घाट चढत-उतरत राहिला. काही निकाल खरे निघाले. जे खोटे निघाले, त्या घरांच्या दारात तो स्वतः जाऊन उभा राहिला. काही दारं उघडली. काही घरांत आता कुणीच राहत नव्हतं.

तात्पर्य: आपल्या अंदाजाला अंदाज म्हणायची ज्याला लाज वाटते, त्याच्या चुकीची शिक्षा आधी दुसऱ्यांना भोगावी लागते.