पेटीतली ऊब

इंग्लंडमधल्या एका लहानशा गावात, सगळं गाव झाकून टाकेल एवढं थोरलं दगडी चर्च होतं. चर्चला लागून गाणाऱ्या मुलांची शाळा होती. त्या मुलांचा पोशाख बघायला लोक लांबून येत. पायघोळ लाल झगा, वर पातळ पांढरा सदरा, आणि गळ्याभोवती खळ घालून कडक केलेली चुण्याचुण्यांची कॉलर. या पोशाखात आणखी एक वस्त्र होतं, जाड लोकरीचा डगला. पण तो मुलांच्या अंगावर कधी दिसत नसे. तो पेटीत असे.

त्याचं असं झालं. फार वर्षांपूर्वी एका धर्मगुरूने ही शाळा काढली. हिवाळ्यात पोरं गाता गाता कुडकुडतात, हे बघून त्याने आपल्याच मेंढ्यांच्या लोकरीचे डगले शिवून घेतले. त्याने एक स्तोत्रही रचलं. त्याची शेवटची ओळ होती, 'दगड गार असोत, वारा बोचरा असो, माझ्या लेकरांना ऊब आहे.' हिवाळाभर दर रविवारी मुलं ते स्तोत्र गात.

धर्मगुरू गेला आणि डगले पवित्र झाले. पवित्र झालेली वस्तू वापरायची नसते, असं मोठ्या माणसांनी कधीतरी ठरवून टाकलं. डगले पेटीत गेले, पेटीला कुलूप लागलं. दर वर्षी धर्मगुरूच्या स्मृतिदिनी ती बंद पेटी थाटात मिरवली जाऊ लागली. मागून मुलं चालत. पातळ सदऱ्यात.

शाळेत सगळ्यात गोड गळा ऑस्विनचा. यंदा स्मृतिदिनाला शेवटची ओळ एकट्याने गायचा मान त्याला मिळाला होता. शाळेत पाऊल टाकल्यापासून त्याने त्या एका ओळीची वाट पाहिली होती. आणि पुढच्या वर्षी ती मिळणार नव्हती, कारण त्याचा आवाज आता फुटायला आला होता.

त्याच्या शेजारी बार्नी उभा राही. सगळ्यांत लहान, काडीसारखा. थंडीने त्याचे दात वाजू लागले की मुलं हसत. "बार्न्या, तुझ्या दातांचा ताल चुकतोय रे!" बार्नीही हसे, मग खोकू लागे. ऑस्विन मात्र हसत नसे. गेल्या हिवाळ्यात असाच खोकणारा एक मुलगा ताप घेऊन घरी गेला होता. तो परत आलाच नाही.

स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी ऑस्विन हॅलोवेसाहेबांकडे गेला. साहेब शाळेचे कारभारी. पेटीची किल्ली त्यांच्या कमरेला. ते शेकोटीशी पाय पसरून बसले होते.

"साहेब, बार्नीला एक डगला द्या. गाण्यापुरता."

"ते काय कांबळं आहे? परंपरा आहे ती!"

"त्याला खोकला आहे, साहेब."

"आम्हीही याच शाळेत कुडकुडलो. काही मेलो नाही."

"जे मेले, ते सांगायला येत नाहीत, साहेब."

साहेबांचा चेहरा कॉलरपेक्षा कडक झाला. "उद्या ती ओळ गायची आहे ना? मग तोंड तेवढ्यासाठीच उघड."

दुसऱ्या दिवशी चर्च माणसांनी भरून गेलं. पुढच्या रांगेत शाळेचे जुने विद्यार्थी, आता पिकलेले, फरचे कोट घालून आणि पायाखाली गरम विटा ठेवून बसले होते. मिरवून आणलेली पेटी वेदीपाशी ठेवली गेली. स्तोत्र सुरू झालं. बार्नीचा खांदा ऑस्विनच्या दंडाला लागत होता आणि थरथरत होता. खोकला दाबून दाबून पोराचे ओठ निळे पडले होते.

ऑस्विनची ओळ आली. 'दगड गार असोत...' त्याचा आवाज कमानींना जाऊन भिडला. 'वारा बोचरा असो...' म्हाताऱ्यांनी डोळ्यांना रुमाल लावले.

आणि ऑस्विन थांबला. ऑर्गनही थांबला.

"पुढे!" साहेब दातओठ खात पुटपुटले. "पुढे म्हण, कार्ट्या!"

"नाही म्हणणार," ऑस्विन म्हणाला. "पुढचं खोटं आहे."

त्या शांततेत बार्नीचा खोकला सगळ्या चर्चला ऐकू गेला. मागून गावातली पाववाली ओरडली, "अहो, उघडा की ती पेटी! पोरगं निळं पडलंय!" मग सगळेच ओरडू लागले. साहेबांनी कुलूप काढलं.

आत डगल्यांची चाळण झाली होती. साहेबांनी एक उचलला, तर बाही हातात आली आणि उरलेला पेटीत गळून पडला. कसरीची पाखरं भुर्रकन उडाली. जी लोकर मुलांसाठी कातरली होती, तिच्यात पिढ्यान्पिढ्या किडे सुखाने नांदले होते.

साहेब रडले. डगल्यांसाठी. अंगातला फरचा कोट काढून बार्नीला द्यावा, हे त्यांना सुचलंच नाही. पाववालीने पुढे येऊन आपली शाल पोराभोवती गुंडाळली.

परंपरेचा अपमान केला म्हणून ऑस्विनला त्याच दिवशी शाळेतून काढून टाकलं. साहेबांना वाटलं, विषय मिटला. पण पुढच्या रविवारी सगळी मुलं त्या ओळीपाशी आली आणि गप्प उभी राहिली. त्याच्या पुढच्या रविवारीही. साहेबांनी छडी चालवली, जेवण बंद केलं. मुलं बाकीचं सगळं गात, तेवढं सोडून. मग लोक लांबून येऊ लागले ते ती शांतता ऐकायला. मोठ्यांना लाज वाटली नाही, पण गोष्ट चारचौघांत उघडी पडली तेव्हा लपवता येईना. अखेर नव्या लोकरीचे डगले शिवले गेले. ते अंगावर चढले, त्या रविवारी बार्नीने ती ओळ पूर्ण गायली.

ऑस्विनला मात्र कुणी परत बोलावलं नाही. चूक सुधारणं मोठ्यांना एक वेळ जमतं, चूक दाखवणाऱ्याला माफ करणं जमत नाही. तो चर्चच्या भिंतीला टेकून बाहेर उभा होता. बार्नी 'ऊब आहे' पर्यंत पोचला, तेव्हा त्यानेही हळूच सूर लावून पाहिला. घोगरा, फाटका निघाला. ती ओळ त्याच्या गळ्यातून कधीच पुरी झाली नाही.

तात्पर्य: परंपरा पेटीत टिकत नाही, लेकरांच्या अंगावर टिकते. आणि 'आम्हीही सोसलं' म्हणणाऱ्यांनी आधी एवढं सांगावं, की मग ते थांबवलं का नाही?