हरळीतली परी आणि शेवंतीचा वाफा

एका बेताच्या गावात, बेताच्या घरात गोदू नावाची मुलगी राहायची. सगळंच बेताचं होतं तिचं, मन तेवढं भलतंच मोठं.

घरात दोघीच, गोदू आणि तिची आई जानकी. हातावर पोट. परसात शेवंतीचा एक वाफा होता, पिवळ्याधमक, इवल्या इवल्या फुलांचा. त्या फुलांच्या वेण्या गुंफून आई बाजारात विकायची, तेव्हा कुठे चूल पेटायची. पण यंदा वाफ्यात शेवंती कमी आणि हरळीच जास्त झाली. हरळी म्हणजे तेच गवत हो, पायांना मऊ मऊ लागतं ते! पण बोट दिलं की मनगट धरायची तिची खोड. शेजारच्या दत्तूआबांनी अंगणात छान हिरवळ केली होती. तीच तारेच्या कुंपणाखालून सरपटत आली आणि शेवंतीच्या मुळांशी ठाण मांडून बसली. कळ्या रुसल्या, पानं पिवळी पडली.

आई चिडून कुदळीनं हरळीचे तुकडे तुकडे करायची. आता तुम्हीच सांगा, तुकडे करून कुणी हरळीला हरवलंय का? प्रत्येक तुकड्याला नवे पाय फुटायचे! आबांना सांगायला जावं तर ते म्हणायचे, गणपतीच्या मस्तकी वाहतो ती हरळी, मी तिला उपटून उकिरड्यावर टाकू होय? झालं! आई आणि आबांचं बोलणंच बंद झालं. शेवटी एका संध्याकाळी आईनं गोदूला जवळ घेतलं आणि सांगितलं, की यंदा वाफा फुलला नाही तर हे घर सोडून मामाच्या गावी जावं लागेल.

दुसऱ्या दिवशी ऊन कोवळं असतानाच ती वाफ्यात गेली. पात्यापात्यावर दंव चमचमत होतं, निळं, हिरवं, सोनेरी. तिनं हरळीची एक लांब वेल हातात धरली. ओढणार तोच आतून कुणीतरी कण्हलं. पाहते तर काय, बोटाएवढी चिमुकली परी! अंगात पोपटी झगा, पाठीवर चंदेरी पंख, आणि पंखांभोवती हरळीचा हा एवढा गुंता. एक हिसका दिला असता तर हरळी निघाली असती, पण नाजुकसा पंखही फाटला असता. गोदू मांडी घालून बसली आणि नखानं एकेक गाठ सोडवू लागली. बोटं दुखली, पण तिनं घाई केली नाही.

मोकळी झाल्यावर परीनं पंख झटकले. इवल्या इवल्या चांदण्या उडाल्या.

"मी हिरवुली," ती म्हणाली. "तुझी एक इच्छा मी पुरी करीन. पण दंव वाळायच्या आत मागायचं हं. आणि नीट ऐक, माझ्या जादूला कुंपण कळत नाही. जे तुझ्या परसात होईल, तेच आबांच्या अंगणातही होईल."

गोदूच्या अगदी ओठांवर आलं होतं, की ही सगळी हरळी जळून जाऊ दे. तेवढ्यात कुंपणापलीकडून खुदकन हसू आलं. ती होती आबांची नात, छबू. पोरीचे पाय जन्मापासून अधू, आत्ता कुठे चालायला शिकत होती. दोन पावलं टाकायची, धप्पकन पडायची, मऊ हिरवळीवर लोळून हसायची आणि पुन्हा उठायची. आबांनी हिरवळ कशासाठी जपली होती, ते गोदूला त्या क्षणी कळलं. ही हरळी जळाली तर छबू पडणार कुठे, आणि उठणार कशी?

गोदूनं आपली इच्छा गिळून टाकली. दंव भराभर वाळत होतं. लवकर माग गं, म्हणून परी विनवत होती, आणि गोदूचे डोळे भरून आले होते. घर तर जायला नको, पण छबूचं हसूही जायला नको! शेवटच्या पात्यावर एकच थेंब उरला, तेव्हा तिची नजर कुंपणावर गेली.

"परीताई, मला इकडचंही नको आणि तिकडचंही नको," ती म्हणाली. "मधल्या रेषेवर असं काहीतरी उगव, की छबूची हरळी छबूपाशी राहील आणि आईची शेवंती आईपाशी. आणि दोन्ही घरांना त्याचा उपयोग होऊ दे."

हिरवुली आनंदानं गिरकीच घ्यायला लागली. आजवर जो तो आपापलं अंगण मागायचा, मधली रेषा कुणी मागितलीच नव्हती. तिनं चिमणी कांडी फिरवली आणि तारेखाली गवती चहाची दाट रांग सळसळत उभी राहिली. काय तो घमघमाट! त्याची मुळं जमिनीत खोल गेली, एकमेकांत घट्ट विणली गेली, आणि हरळीला पुढे सरकायला फटच उरली नाही. वाफ्यात आधीच शिरलेली हरळी मात्र तुम्हालाच काढावी लागेल, तोडायची नाही, मुळासकट अलगद सोडवायची, असं बजावून परी शेवंतीच्या एका कळीआड जाऊन बसली.

गोदू आधी आबांकडे धावली. सगळं ऐकून आबा खुरपं घेऊन खाली मान घालून जानकीच्या परसात आले.

"जानकी, माझ्या छबूच्या पायांपुढं मला तुझा वाफा दिसलाच नाही गं," ते म्हणाले.

आईचा राग कुठल्या कुठे पळाला. तिनं आबांना बसायला गोणपाट दिलं. तिघांनी मिळून वेल न वेल मुळासकट सोडवली. आणि फेकली म्हणता? छे! छबूच्या अंगणात जिथे जिथे माती उघडी पडली होती, तिथे तिथे नेऊन लावली. आबा खूश, गणपतीबाप्पाही खूश. मग आईनं सगळ्यांना गवती चहा घातलेला वाफाळता चहा दिला.

पुढे एका सकाळी कळीआडून हिरवुली बाहेर आली. तिनं गोदूच्या गालाला पंख लावला आणि म्हणाली, "दुसऱ्याचं अंगण राखणाऱ्या मुली, आता हे तुझं." बघता बघता ती सोनेरी उजेड होऊन गेली. तो उजेड वाफ्यावर सांडला आणि जिथे जिथे पडला, तिथे शेवंती टपाटप उमलली. पलीकडे छबू न पडता, न धडपडता गवती चहाच्या रांगेपर्यंत चालत आली आणि फुलं पाहून टाळ्या पिटू लागली.

आईनं ओंजळभर फुलं नाकाशी नेली. मग गोदूला कवटाळून म्हणाली, "मामाला निरोप धाड बाई. म्हणावं, आम्ही काही येत नाही."

आणि गोदू आईच्या कुशीत शिरून पोटभर रडली. आनंदानं हो!