ओंजळभर माहेरची माती

“म्हातारीच्या अंगणात मातीखाली काहीतरी जिवंत आहे, आणि ती त्याला रोज…” पाणवठ्यावर म्हातारीच्या शेजारणीच्या कानावर एवढंच पडलं. पुढचं घागरीच्या बुडबुडाटात गेलं.

ही गोष्ट फार फार जुन्या काळची. वांग्यांवर जगणारं एक गाव होतं. तिथे कुणाला रोप द्यायचं, तर सोबत आपल्या वाफ्यातली ओंजळभर माती द्यायची रीत होती, रोपाला परकं वाटू नये म्हणून. तिला म्हणत माहेरची माती.

एका साली भलतंच सुरू झालं. माती ओली असूनही भर दुपारी रोपं माना टाकत. उपटावं तर मुळांना गाठीच गाठी, जणू कुणी खालून मणी ओवत बसलंय. एकेक करत वाफे उजाड झाले.

म्हातारीने मात्र कुणाची माती घेणं सोडलं होतं. तिच्या अंगणात मडकी मांडलेली. त्यांत आपल्याच सगळ्यांत आजारी वाफ्याची माती आणि एकेक रोप. कुणाला ती काळं पाणी पाजी, कुणाला हिरवं, कुणाला दुधाळ, एकाला नुसतं साधं.

शेजारणीला राहवेना. कुंपणावरून म्हणाली, “काय म्हातारबाई, मातीचं बाळंतपण मांडलंय का?”

म्हातारी हसली नाही. तिने काट्याने मुळाची एक गाठ फोडली. आत पांढरे, ओलसर, टाचणीच्या टोकाएवढे दाणे होते.

“हात नको लावू. जिवंत आहेत. हेच किडे मुळं खातात.”

झालं. शेजारणीने पुढचं आपल्या पदरचं जोडलं, की म्हातारी त्यांना पोसते. दुपार कलायच्या आत गाव अंगणात उभं राहिलं. दिवस मावळायच्या आत वेस ओलांड, असं पाटलाने म्हातारीला बजावलं.

तिने मडक्यांतली रोपं उपटली. साध्या पाण्याचं गाठींनी लगडलेलं. रुईच्या चिकाचं पार जळालेलं. कडुनिंबाचं आणि करंजाचं हिरवंगार, गाठी तुरळक.

“पाजत होते, खरंय. मरावेत म्हणून,” ती म्हणाली. “पण पाटील, घरोघरी त्यांना मी नाही नेलं. तुमच्या ओंजळींनी नेलं.”

जो तो आपले हात बघत राहिला. शेजारणीच्या नखांत सकाळीच कुणाला दिलेली माती होती.

म्हातारी गावातच राहिली, रीत तेवढी गेली. कडुनिंब-करंजाच्या पाण्याने वांगी पुन्हा धरली. तरी दर साली एखादं रोप भर दुपारी मान टाकतंच. म्हणजे बोलवा अर्धी खरीच होती. खाली काहीतरी जिवंत होतं, आणि अजून आहे.

बोध एवढाच: दुसऱ्याच्या अंगणातलं भूत शोधण्याआधी आपल्या ओंजळीत काय आहे ते पाहावं.